सात नंबरची रिंग

पुंजारामभाऊंनी माझी नोकरी वाचवली. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं सांगताना माझा हात अडखळेल आणि मूळ गोष्टच राहून जाईल अशी मला धास्ती वाटते. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. मालाचं चलन लिहिण्यापलीकडं कधी काही लिहिलं नाही. पण माणूस गेला, आणि त्याच्याबद्दल एक गोष्ट अशी आहे की ती माझ्याशिवाय आता कुणालाच माहीत नाही. ती माझ्याबरोबर जायला नको.

महिना होत आला. सकाळचे साडेनऊ झाले असतील, मी चिकलठाण्याच्या आमच्या कारखान्यात खोकी मोजून घेत होतो. भाऊंच्या मुलाचा फोन आला. "काका, बाबा गेले..." मग म्हणाला, "आई म्हणाली, आधी तुम्हाला कळवायचं." भाऊ आजारी होते हे ठाऊक होतं, दोन महिन्यांपूर्वी भेटूनही आलो होतो. तरी हातातला मोजलेला आकडा पार निघून गेला. आणि खरं सांगतो, पहिल्यांदा दुःख झालं नाही, भीती वाटली. आधी मला का कळवायला सांगितलं असेल? वहिनींना काही ठाऊक तर नसेल? सव्वीस वर्षांची ही भीती. ती भाऊंच्या आधी मरायला हवी होती, ती राहिली आणि भाऊ गेले.

मी गोंदियाकडचा. वडील गेल्यावर होतं ते धानाचं शेत चुलत्यांनी आपल्यात ओढून घेतलं, शाळा सुटली. गावातला एक जण वाळूजला कामाला होता, त्याच्या नावाची चिठ्ठी खिशात घालून मी इकडं आलो, तर तो दोन महिन्यांपूर्वीच पुण्याला निघून गेलेला. मग मिळेल ते करत करत चार वर्षं काढली, एक जुनी मोटरसायकल घेतली, आणि त्या मोटरसायकलमुळंच रबराच्या या कारखान्यात लागलो. दहा-बारा माणसांचा कारखाना. इंजिनाच्या पाण्याच्या नळ्यांना जोडावर बसवायच्या रबरी रिंगा तिथं बनायच्या आणि वाळूजच्या एका मोठ्या प्लांटला जायच्या. टेम्पो दिवसातून एकदा. मधेच तिकडून 'माल संपत आला' असा फोन आला की गाडीवर खोकी बांधून मी सुटायचं. जालना रोड, क्रांती चौक, छावणी, नगर नाका आणि पुढं वाळूज. सगळं शहर ओलांडून.

पहिल्याच दिवशी रबर तापवून दाबणाऱ्या प्रेस मशीनवरच्या एका धिप्पाड माणसानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पांढरी टोपी, घामानं पाठीला चिकटलेला सदरा. हेच पुंजारामभाऊ. खुलताबादच्या खाली त्यांचं गाव, तिथून रोज पहाटेच्या एसटीनं यायचे.

"कुठला रे तू?"

"गोंदियाकडचा."

"म्हंजी रेल्वे संपती तितला?"

"नाही भाऊ, तिथून पुढं अजून एसटीनं जावं लागतं."

"आरं मंग तू मुंबईला चाललेला दिसतो. झोपीत मधीच उतरला."

सगळे हसले. दुपारी मी डब्यातला भात काढला तर त्यांनी नावच पाडलं, भातवाले. पण 'अरे' नाही, 'ओ'. "ओ भातवाले, या इकडं. भातावर फटफटी चालत नाय, भाकर खावा." आणि त्यांच्या भाकरीचा चतकोर माझ्या डब्याच्या झाकणावर यायचा. त्या दिवसापासून ते निवृत्त होईपर्यंत, माझ्याकडं पोळ्या असल्या तरी, तो चतकोर कधी चुकला नाही. परक्या मुलुखात कुणी रोज एकाच वेळी आपली वाट बघतं, याची किंमत ज्यानं घर सोडलंय त्यालाच कळेल.

त्यांच्या कामाची एक रीत होती, ती इथं सांगायलाच हवी. त्यांच्या साच्यात एका वेळी बारा रिंगा निघायच्या आणि प्रत्येक खाचेचा आकडा रिंगेच्या कडेला बारीक उमटायचा. खराब निघालेली रिंग ते बाजूच्या पत्र्याच्या ट्रेमध्ये टाकायचे आणि जेवणाच्या सुट्टीआधी एकेक उचलून कातरीनं मधोमध कापायचे. तसा नियमच होता कारखान्याचा. कापलेली रिंग चुकूनसुद्धा चांगल्या मालात जात नाही. बाकीचे प्रेसवाले शेवटी चार-पाच एकत्र धरून कचकन कापायचे, एखादी निसटायची. भाऊ एकेकच कापायचे. कापताना ओठ हलायचे. मोजायचे. त्यांचा मोज चुकलेला मी एकदाही बघितला नाही... हे वाक्य लक्षात असू द्या.

तर ते साल. माझ्या गाडीच्या पेट्रोलमध्ये पाणी गेलं म्हणून मी स्वतःच कार्बोरेटर खोलला. पैसे वाचवायला कमी आणि आपल्याला येतं हे स्वतःला दाखवायला जास्त. कार्बोरेटर इंजिनाला जिथं दोन बोल्टांनी चिकटतो, तिथं मधे एक रबरी रिंग असते. ती माझ्या हातानं तुटली. दुकानदार म्हणाला, सुटी मिळत नाही, पूर्ण किट घ्या, तेही चार दिवसांनी येईल. चार दिवस गाडी उभी म्हणजे मी उभा. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी प्रेसजवळ गेलो तर ट्रेमध्ये अगदी त्याच मापाची रिंग पडलेली. कारखान्यातला तुकडा बाहेर नेला तर त्याच दिवशी काढून टाकायचे. खराब असला तरी. आमच्या आधी एकाला असंच काढलेलं होतं. मी हे जाणून होतो. तरी भाऊ पाठमोरे झाले तेवढ्यात मी ती उचलली आणि खिशात घातली.

गाडी आठ दिवस झकास चालली. नवव्या दिवशी खोकायला लागली.

खोकणं पण कसं? उभी असताना इंजिन छान टुकटुक चालायचं. मूठ एकदम पिळली तरी सरळ निघायची. पण थोडाच पीळ दिला, म्हणजे गर्दीत, सिग्नलच्या आधी, गतिरोधकावरून उतरताना जेवढा लागतो तेवढाच, की गचके. जणू कुणी मागून सदरा ओढतंय आणि सोडतंय. आणि माझा सगळा रस्ता तर गर्दीचाच! चोक अर्धा ओढून पेट्रोल जास्त सोडलं की गचके कमी व्हायचे हे मला कळलं, म्हणून मी डावा हात खाली घालून चोक ओढूनच गाडी हाणायला लागलो. मुकुंदवाडीच्या मेकॅनिकला दाखवली. त्यानं प्लग काढला, तो काजळीनं काळाकुट्ट. म्हणाला, पेट्रोल जास्त जातंय, कमी करतो. खोकणं वाढलं. सिडकोतल्यानं तेच म्हटलं, आणखी कमी केलं. आणखी वाढलं. क्रांती चौकाजवळचा तिसरा म्हणाला, इंजिनच खोलावं लागेल. तिघांनीही विचारलं होतं, मधे काही काम केलं होतं का गाडीचं? तिघांनाही मी नाही म्हटलं. त्या रिंगेबद्दल बोललो नाही, चोकबद्दलही नाही. ती एक गोष्ट लपवायची म्हणून तिला चिकटलेली दुसरी लपवली.

त्यात एकदा मी पोचायला उशीर केला आणि प्लांटची लाइन दहा मिनिटं थांबली. साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, मला केबिनमध्ये बोलावलं. आवाज चढवला नाही. "परत लाइन थांबली तर गाडी सरळ गोंदियाकडं वळवायची. इकडं यायचं नाही." गोंदियाकडं माझं काही राहिलेलं नव्हतं. मुकुंदवाडीतली दहा बाय दहाची खोली, ही नोकरी आणि डब्याच्या झाकणावरचा भाकरीचा चतकोर, एवढंच माझं होतं.

त्यानंतर आठवडाभरानं प्लांटमधून फोन. मागच्या मालात दोन रिंगांना जास्तीचं रबर लटकत होतं, तेव्हा नवीन खोकी घेऊन प्रेसवाला माणूस स्वतः येऊ द्या, इथं बसून माल तपासून द्या. आणि लाइनवर दोन वाजेपर्यंतच पुरेल एवढा माल आहे. साहेबांनी घड्याळ बघितलं, एकला दहा कमी होते. भाऊ टोपी नीट करून माझ्या मागं बसले, मांडीवर एक खोकं, दोन माझ्या पुढं टाकीवर बांधलेली. एरवी वाळूजला पाऊण तास लागायचा.

जालना रोडला लागलो आणि सुरू झालं. गचका... गचका... मागून खोकं माझ्या पाठीवर आदळायचं. क्रांती चौकात दोनदा बंद पडली. मागून रिक्षावाला ओरडला, "अबे ओ, धक्का देऊं क्या घर तक?" मी किक मारली, डावा हात आपोआप खाली गेला, चोक ओढला. गाडी सुधारली. मागून आवाज आला.

"डावा हात कुठं गेला व्हता?"

"कुठं नाही भाऊ."

पुढं छावणीत चढावर, एका हॉटेलसमोर लिंबाच्या सावलीत, गाडीनं मान टाकली ती टाकलीच. एक वाजून सतरा मिनिटं. माझी अवस्था काय सांगू... किक मारतोय, मारतोय, पाय सटकतोय, सोलपटलेली नडगी. भाऊ उतरले, खोकं हॉटेलच्या बाकावर ठेवलं, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "ओ भातवाले, तिला मारू नका. तिला इचारू."

त्यांनी तंबाखूची डबी काढली. बोटावर चुना घेतला. हँडलच्या मुठीवर एक ठिपका लावला आणि त्याच्या समोर, न फिरणाऱ्या भागावर खुणेसाठी एक. थोडं थांबून किक मारायला सांगितली, एकदाची सुरू झाली. "आता पीळ. हळू. जितं खोकती तितं थांब." मी पिळलं, खोकली, थांबलो. तिथं मुठीवर दुसरा ठिपका. "पुढं पीळ." खोकणं थांबलं. तिथं तिसरा. मुठीवर चुन्याचे तीन डाग. सगळा आजार त्या दोन बोटांच्या अंतरात.

"बंद मुठीला बरी हाय. पुऱ्या मुठीला बरी हाय. मधीच दम लागतो तिला. आता डावा हात जितं घालत व्हता तितं घाल."

मी हललो नाही.

"घाल की! मी काय आंधळा हाय का? जालना रोडपासून बघतोय."

मी चोक ओढला. मधल्या ठिपक्यावर खोकणं निम्म्यानं कमी झालं.

"मेकॅनिकला सांगितलं व्हतं हे?"

"नाही. दोघांनी काळा प्लग बघून पेट्रोल कमी केलं."

"मंग तो काय करणार? तू चोक ओढून हाणतो म्हणूनशान प्लग काळा. काळा दिसतो म्हणून तो पेट्रोल कमी करतो. अन् तिला तर आधीच पेट्रोल कमी पडतंय. तुम्ही तिघांनी मिळून उपाशी मारली फटफटी." मग कान कार्बोरेटरकडं नेत म्हणाले, "कुठून तरी हवा खाती ही. आमच्या इहिरीवरच्या पंपाचं असंच व्हतं. वढायच्या पाइपाला जोडावर चीर पडली की पाण्याबरूबर हवा येती, अन् पंप ठसकतो. तव्हा बायको कणीक आणती मळून, जोडावर थापायची. ठसका थांबला की समजायचं, रोग हितंच."

ते हॉटेलात गेले. कढईपाशी एक पोरगेला माणूस समोसे भरत होता.

"भाई, जरा आटा दे. लिंबाएवढा."

"काय कू चाचा?"

"गाडी कू लगाना है."

"गाडी कू समोसा खिलाते क्या?" सगळं हॉटेल हसलं.

"भुकी है बिचारी. देखते, खाती क्या."

मैद्याचा तो गोळा त्यांनी पाण्यात बोट बुडवून मऊ केला. आधी एअर फिल्टरकडच्या नळीवर थापला. मधल्या ठिपक्यावर पिळायला सांगितलं. खोकली. "हितं नाय." काढला. मग त्यांची बोटं इंजिनाकडच्या जोडाकडं गेली. त्याच जोडाकडं. चहूबाजूनं कणीक दाबून बसवली. "पीळ."

खोकणं थांबलं होतं. मधल्या ठिपक्यावर इंजिन अगदी एकसुरी वाजत होतं.

"माशाल्ला!" कढईवाला ओरडला. "चटणी भी देऊं क्या चाचा?"

भाऊ हसले नाहीत. त्यांनी माझ्या टूलबॉक्समधून पाना काढला. "दोनच तर बोल्ट हायेत. बघू काय हाय आत."

"राहू द्या भाऊ!" मी जवळजवळ ओरडलोच. "उशीर होईल. चालतेय ना आता."

ते पाना हातात धरून माझ्याकडं बघत राहिले. मग घड्याळाकडं बघितलं. "व्हय. आधी माल."

दोनला पाच मिनिटं कमी असताना आम्ही प्लांटच्या गेटवर होतो. लाइन थांबली नाही. माझी नोकरी राहिली असं वाटून मला रडू यायला हवं होतं, पण माझं लक्ष त्या जोडावरून हटत नव्हतं. भाऊ आत रिंगा तपासायला बसले आणि मी बाहेर गाडीपाशी. उन्हानं मैदा वाळून भेगाळत होता. मनात आलं, आत्ताच रिंग काढून टाकावी, वाळूजच्या नाल्यात फेकावी, भाऊंना सांगावं, आत काही नव्हतंच. पाना घेतला. एक बोल्ट सैल केला. पण रिंग काढली तर गाडी चालणार कशी, आणि परत जाताना काय सांगणार? मी तसाच बसून राहिलो, पाना हातात. कुठल्याच बाजूला जाता येईना.

दीड तासानं भाऊ बाहेर आले. जोडाकडं एक नजर टाकली.

"एक सैल केला. दुसरा कामून ठिवला?"

मी पाना त्यांच्या हातात दिला. त्यांनी खाली बसून दुसरा बोल्ट काढला, कार्बोरेटर मागं ओढला आणि करंगळीनं रिंग बाहेर काढली. पाण्यासाठी केलेलं रबर पेट्रोलात फुगतं, हे कारखान्यातलं शेंबडं पोर सांगेल. मला कोण सांगणार? मी फक्त खोकी वाहायचो. ती रिंग शिजलेल्या शेवईसारखी लिबलिबीत झाली होती, खाचेतून उठून एका बाजूला दुमडली होती. भाऊंनी ती सदऱ्याला पुसली, डोळ्यांजवळ नेली. कडेला आकडा होता. सात.

"सात नंबरच्या खाचंला दात हाय, रिंग चिरती," ते अगदी हळू बोलले. "महिना झाला साहेबाला सांगतोय. सात नंबरची येकूण येक रिंग मी कापतो. चांगली निघाली तरी कापतो."

एवढंच. मला कळलं की त्यांना कळलं. कापायच्या आधी उचलल्याशिवाय ती बाहेर येऊच शकत नव्हती. मी म्हटलं, "भाऊ, एकच घेतली. आईची शपथ."

"खोक्यात बी गेली नसंल ना एखादी? तूच बांधतो खोकी."

"नाही भाऊ. शपथ..."

"शपथ कशाला? मोजू."

आणि ते परत गेटकडं चालायला लागले. स्टोअरवाल्याला म्हणाले, "माझा डोळा भरत नाय, पुन्यांदा बघू द्या." तो वैतागला, "ओ मामा, झालं की तुमचं! सही केली मी." तरी बसले. तिन्ही खोकी रिकामी करून एकेक रिंग बोटांत फिरवून तिचा आकडा बघत. मी दारातून बघत होतो. त्यांचे ओठ हलत होते. उन्हं कलली, त्यांची गावाकडची एसटी चुकली. एकही सात नंबर निघाला नाही. तेव्हा कुठं ते उठले, गाडी आमच्या परतीच्या टेम्पोत चढवायला लावली, आणि जाता जाता मला म्हणाले, "उद्या साहेबाला तू सांगायचं. मी नाय सांगणार."

रात्री मी सामान बांधलं. एक पत्र्याची पेटी, एक वळकटी. सकाळी केबिनमध्ये गेलो, भाऊ आधीच दाराशी उभे होते, माझ्याबरोबर आत आले. मी सांगितलं. रिंग टेबलावर ठेवली. सांगितलं, ट्रेमध्ये पडलेली होती, उचलली. साहेबांनी ती पेनानं उलटी केली. "बाहेर नेली हे एक. पण न कापलेला खराब पीस ट्रेमधून बाहेर गेलाच कसा? प्लांटला हे कळलं तर माझी ऑर्डर जाते."

इथं मी बोलायला हवं होतं. दोन वाक्यं. भाऊ कापणारच होते, मीच ती कापायच्या आधी चोरली. मी टेबलावरच्या रिंगेकडं बघत उभा राहिलो. साहेब म्हणाले, "तू हिशेब करून..."

"कातर माझ्या हातात व्हती साहेब," भाऊ म्हणाले. "कापायची राहिली. मी इसरलो. ह्यानं कचरा समजून उचलली. चूक माझी."

साहेबांनी कोरा कागद पुढं ओढला. अकरा वर्षांत त्या माणसाविरुद्ध एक ओळ लिहायची वेळ आली नव्हती. त्या दिवशी लिहिली. मला ताकीद देऊन ठेवून घेतलं. भाऊंच्या नावानं कामात हलगर्जी केल्याचं पत्र निघालं, फळ्यावर लागलं. दिवाळीनंतर त्यांना सुपरवायझर करायचं ठरलेलं होतं, ते दुसऱ्याला केलं. ते निवृत्त होईपर्यंत प्रेसवरच राहिले, त्या उष्णतेत.

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "भाऊ, तुम्ही विसरला नव्हता."

"मला ठाऊक हाय की!" ते जवळजवळ खेकसले. "मी इसरंन का? तुला भाकर काढायला वळलो, तव्हा घेतली तू. ट्रेमधी नऊ व्हत्या, माघारी बघितलं तर आठ. मला वाटलं, माझाच मोज चुकला. तीन आठवडे मला झोप नाय, लेका, कुठं गेली म्हणून." मग म्हणाले, "तुला काढलं असतं तर तू कुठं गेला असता? मला तीन एकर हाय, इहीर हाय. मला काय व्हतंय." आणि मशीनकडं वळता वळता, "नवी रिंग आण. पेट्रोलची. अन् तो चुना पूस मुठीवरचा, गंध लावल्यावानी दिसती फटफटी."

त्या दुपारीही डब्याच्या झाकणावर चतकोर आला.

पुढं सगळं बरं झालं माझं. लग्न झालं, घर झालं, आज त्याच कारखान्यात माल पाठवायचं सगळं काम मी बघतो. भाऊ त्याबद्दल परत एक शब्द बोलले नाहीत, आणि मीही नाही. दर वर्षी वाटायचं, आता सांगू, साहेबांना नाही तर निदान बाकीच्यांना. पण नवीन पोरं प्रेसवर आली की जुने त्यांना सांगायचे, "कातर विसरू नको रे, नाहीतर पुंजारामसारखं होईल." मी ते ऐकायचो. खोकी मोजत राहायचो.

दहाव्याला त्यांच्या गावी गेलो. अंगणात माणसं बसली होती, त्यांची बाज ओसरीवर भिंतीला उभी करून ठेवली होती. वहिनींनी मला बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, आता विचारतील. त्या म्हणाल्या, "लई इसरभोळे व्हते ओ, भाऊजी. तुमाला तर ठाऊकच हाय. कंपनीत एकदा इसरले, तव्हापासून हरेक गोष्टीला म्हणायचे, तू बघ बाई, माझा भरवसा नाय. कुलूप मी लावायचं, मोटर मी बंद करायची, पैसे मी मोजायचे... पोरं बी हसायची त्यांना." आणि भरल्या डोळ्यांनी हसल्या. भोवतीची माणसंही हसली, एक म्हातारा म्हणाला, "व्हय, भोळाच व्हता पुंजाराम."

म्हणजे त्यांनी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. कारखान्यात बोललेलं एक वाक्य खरं ठरावं म्हणून तो माणूस सव्वीस वर्षं आपल्याच घरात विसरभोळा होऊन राहिला. का? गावचं कुणी ना कुणी कारखान्यात कामाला असायचंच, एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानी गेलं असतं, आणि साहेबांपर्यंत जाऊन माझ्यावर आलं असतं, म्हणून? की एकदा बोललं ते बोललं, एवढंच? आता कुणाला विचारू...

वहिनी माझ्याकडं बघत होत्या. मी मान हलवली. "होय," म्हटलं. सगळ्यांसमोर म्हटलं. त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या बाजेसमोर.

तेव्हापासून घास गोड लागत नाही. भाऊ, तुमचे उपकार फेडीन म्हणायची माझी लायकी नाही, पण फेडीन. हे मी पेपरच्या पुरवणीला पाठवतोय. वहिनींना वाचता येत नाही, मुलगा त्यांना ती वाचून दाखवतो. पुरवणी रविवारी निघते. हे त्यांना कागदातून कळता कामा नये. शनिवारी पहिल्या एसटीनं मी तुमच्या गावी येतोय. अंगणात माणसं असतील तर त्यांनाही बोलावून घेईन, त्या म्हाताऱ्यालाही. आणि सांगेन की माझे भाऊ आयुष्यात काहीच विसरले नव्हते.